धडा न करता

वजनमापे खात्यात त्याला सगळे 'काटा' म्हणत. तोंडावर नव्हे, पण ते त्याच्या कानावर होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला ते आवडायचं. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खरे असले तर शिक्का, खोटे असले तर दंड. हे काम त्याने ऐन पंचविशीपासून केलं होतं आणि एवढ्या नोकरीत त्याच्याविरुद्धची एकही तक्रार टिकली नव्हती. घरातही तोच थाट. चुलतभावाच्या लग्नाचा खर्च असो नाहीतर इमारतीच्या गच्चीची दुरुस्ती, शेवटी कागद त्याच्याकडे यायचे आणि तो म्हणेल तो आकडा. "त्याने बघितलंय ना? मग झालं," असं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

त्या दिवशी दुपारी तो सुक्या मेव्याच्या एका दुकानात उभा होता. तिथला विक्रेता जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बदाम भरून खोक्यासकट तोलत होता. मालकाचं म्हणणं असं की खोका काही आभाळातून पडत नाही, त्यालाही पैसे मोजावे लागतात.

"मग खोक्याचे वेगळे घ्या," निरीक्षक म्हणाला. "बदामाच्या भावाने पुठ्ठा विकू नका."

तो दंडाची पावती फाडत होता तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता. कामाच्या वेळात फोन करायची तिची पद्धत नव्हती, म्हणून तो दुकानाबाहेर येऊन बोलला. तिने संध्याकाळी येऊन जायला सांगितलं. घाईचं काही नाही म्हणाली आणि लगेच पुढे म्हणाली की ती घर सोडते आहे.

ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात तिची सगळी नोकरी गेली. तिथे ती औषधं तोलायची, मिसळायची, पुड्या बांधायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेल्यामुळे भावाला अभ्यासाला बसवण्यापासून त्याच्यासाठी मुलगी बघण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. हा आता पन्नाशी ओलांडून गेला, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, तरी तिच्या लेखी तो छोट्याच. निवृत्त झाल्यावरही ती घरी बसली नव्हती. रोज सकाळी एका धर्मादाय दवाखान्यात जायची आणि औषधाच्या खिडकीमागे उभी राहून चिठ्ठीप्रमाणे गोळ्या काढून द्यायची, पैसे न घेता. तिथे सगळे तिला बाई म्हणायचे. या 'बाई'चं तिला पगारापेक्षा जास्त सुख होतं.

संध्याकाळी तो गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांची पिशवी तयार होती. गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवासगृह होतं. ताईने तिथली एक खोली बघून ठेवली होती, पलंग, कपाट आणि खिडकीखाली हीटर असलेली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. घर विकून टाकायचं आणि इथून पुढे तिच्या सगळ्या व्यवहारांवर सही छोट्याची, असं तिने ठरवलं होतं. वकिलाकडून तसा कागदही करून आणला होता.

त्याने विचारलं, असं झालं तरी काय? गुडघे तर ठीक होते, साखर ताब्यात होती.

"माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही," ताई म्हणाली. दूध नासलंय म्हणावं, तशा सुरात.

तो म्हणाला, विसरायला सगळ्यांनाच होतं. परवाच तो स्वतः चष्मा कपाळावर ठेवून अर्धा तास घरभर चष्मा शोधत होता. ताई हसली नाही. विसरण्याचं नाही, आकडे जुळत नाहीत, एवढंच ती म्हणाली. दवाखानाही तिने केव्हाच सोडला होता. ते त्याला माहीत होतं, पण कंटाळली असेल अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. आता कळलं की ती तिथल्या मुख्य बाईंना स्वतः सांगून आली होती, की माझ्यावर विसंबू नका, माझ्या हातून कुणाला भलती गोळी जाईल.

घरी परतताना त्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याच्या आतल्या बाजूला आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याने त्या वेळी नीट पाहिली नाही. त्याला जरासं हायसं वाटलं होतं. सहीचा अधिकार आला की ती ठेवही आपोआप त्याच्या हातात येणार होती.

त्या ठेवीची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी त्याने आपला एक भाड्याने दिलेला फ्लॅट विकला. बरी रक्कम आली. बँकेत मुदत ठेव करायची तर त्याच्या पगारामुळे त्याचा कराचा टप्पा पस्तीसचा होता. म्हणजे व्याजाच्या दर शंभरामागे पस्तीस गेलेच. ताईचा टप्पा वीसचा. तिला पेन्शन होतं, पण त्यावर कर लागत नव्हता. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या एका गाळ्याचं भाडं आणि स्वतःच्या ठेवींचं थोडं व्याज एवढ्यावरच ती काय तो कर भरायची. त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली. पस्तीसातून वीस गेले, उरले पंधरा. शंभरामागे पंधरा नुसते नाव बदलल्याने वाचत होते. घरच्या घरातच तर राहणार होते पैसे.

ताईला त्याने सांगितलं ते निराळं. "तुझ्या नावावर असू दे. उद्या काही झालं तर तुला आधार." हे अगदीच खोटं नव्हतं, पण खरं कारण हे नव्हतं. व्याज दर वर्षी हातात न येता मुद्दलात मिळत जाणार होतं, पण कर मात्र दर वर्षी भरायचा होता. तो तिच्या अंगावर पडू नये म्हणून दर वर्षी त्या व्याजावरचा कर तो पाकिटात घालून तिला नेऊन द्यायचा. शंभराला वीस, चोख, सुट्ट्या नाण्यांसकट. "तुझा टप्पा वीसचा. वीसने गुणायचं की झालं," हे सूत्रही त्यानेच तिला दिलं होतं. विवरणपत्र ती स्वतः भरायची. पाकीट देऊन जिना उतरताना त्याला दर वर्षी आपण किती सरळ माणूस आहोत असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ताईची पिशवी कचेरीतल्या टेबलावर उघडली. यंदाचं विवरणपत्र भरायचं राहिलं होतं. ते आपणच उरकून टाकावं असं त्याच्या मनात होतं. त्याने संगणकावर कर खात्याचा तक्ता उघडला आणि भाडं, व्याज, पेन्शन असे आकडे भरत गेला. खाली कराची रक्कम आली ती बघून त्याने पुन्हा सगळं भरलं. तीच रक्कम. मग त्याने ठेवीचं व्याज काढून टाकलं आणि नुसता फरक बघितला. व्याजाच्या शंभरामागे कर वीस नव्हता. सदतीस होता.

आधी त्याला वाटलं, तक्ता बिघडला असावा. मग त्याने पिशवीतले मागच्या वर्षांचे कागद काढले. दोन्ही वर्षी ताईने भरलेलं विवरणपत्र खात्याने दुरुस्त करून परत पाठवलं होतं, वरची रक्कम भरा म्हणून. दोन्ही वर्षी तिने ती आठवड्याच्या आत भरली होती. विवरणपत्राच्या कोऱ्या पाठीवर तिची आकडेमोड होती. बारीक, सरळ, औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लिहावी तशी. तोच गुणाकार तिने चार चार वेळा केला होता. चारही वेळा उत्तर एकच होतं आणि चारही वेळा त्याखाली प्रश्नचिन्ह होतं.

कागद घेऊन तो तडक कर खात्यात गेला. चौकशीच्या खिडकीवर एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला होता. तिने कागद चाळले आणि प्रकरण फार मोठं नाही हे कळून ती जराशी सैल झाली.

"यात चूक काहीच नाही," ती म्हणाली.

त्याने टप्पा वीसचा असल्याचं तिच्या लक्षात आणून दिलं. टप्पा वीसचाच आहे, तिने मान्य केलं, वरच्या टप्प्यात कुणीही नेलेलं नाही. वीसनेच कापताहेत, पण जास्त गोष्टींवर. मग तिने सगळं समजावलं. इतर उत्पन्न एका मर्यादेच्या आत असेपर्यंत पेन्शनला कुणी हात लावत नाही. ताईचं भाडं आणि जुनं व्याज त्या मर्यादेच्या अगदी काठावर होतं. काठावरून पुढे पाऊल पडलं की नियम बदलतो.

"हे नवं व्याज एकटं येत नाही हो. येताना पेन्शनला हाताला धरून घेऊन येतं. शंभर आले की पेन्शनमधले पंच्याऐंशी त्यांच्याबरोबर करात आले. किती झाले?"

"एकशे पंच्याऐंशी."

"त्याचे वीस टक्के?"

"सदतीस."

"बघा, येतंय की तुम्हाला." तिने कागद परत सरकवले. "या बाईंचं कौतुक वाटतं. दोन वर्षं आम्ही वाढवून पाठवतोय आणि त्या मुकाट्याने भरताहेत. एकदा जरी येऊन भांडल्या असत्या तर तेव्हाच समजावून सांगितलं असतं."

तो बाहेरच्या बाकावर बसला. शेजारी एक म्हातारा फॉर्मवर फुंकर घालत शाई वाळवत होता.

त्याच्या धंद्यात हा पहिल्या आठवड्यात शिकवायचा विषय होता. भांड्यातून माल तोलायचा असेल तर आधी रिकामं भांडं पारड्यात ठेवायचं, दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकायचं आणि काटा मध्यावर आणायचा. याला धडा करणं म्हणतात. धडा न करता तोलणाऱ्या किती जणांना त्याने पावत्या फाडल्या होत्या. आणि स्वतः त्याने नुसतं व्याज तोललं होतं. पारड्यात आधीपासून काय आहे, बहिणीचं पेन्शन कशाच्या काठावर उभं आहे, हे त्याने बघितलंही नव्हतं. नव्हतंच बघायचं. त्याला पंधरा दिसत होते.

हिशेब तर आता डोक्यात आपोआप होत होता, थांबवला तरी थांबत नव्हता. ठेव त्याच्याच नावावर असती तर शंभरामागे पस्तीस गेले असते. गेले होते सदतीस. त्यातले वीस त्याने दिले आणि सतरा ताईने पेन्शनमधून भरले. त्याच्या खिशात पंधरा राहिले, तिच्या खिशातून सतरा गेले आणि मधले दोन सरकारने ठेवून घेतले. हुशारीने घराचं नुकसानच झालं होतं, फक्त ते सगळंच्या सगळं बहिणीच्या बाजूला पडलं होतं.

पण पैशाचं एक वेळ सोडून देता आलं असतं. त्याला घाम फुटला तो त्या प्रश्नचिन्हांनी. ताईने काय केलं असेल ते आता त्याला लख्ख दिसत होतं. वीसने गुणायचं, हे छोट्याने सांगितलेलं. छोट्याचा हिशेब चुकत नाही. खात्याने आकडा वाढवून पाठवला. खातंही एवढं चुकायचं नाही, तेही सलग दोनदा. मग दोन खऱ्यांच्या मध्ये चुकणारं कोण उरलं? जन्मभर मिलिग्रॅमशी खेळलेल्या बाईने स्वतःच्या डोक्यावर फुली मारली होती आणि ती मारायला खडू त्यानेच दिला होता.

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिचा हात थांबला नाही.

"तुम्ही त्यांना तेव्हाच सरळ सांगितलं असतं की कर वाचवायला ठेवतोय, तर त्या नाही म्हणाल्या असत्या का?"

नसत्या म्हणाल्या, हे दोघांनाही माहीत होतं. आधाराची झूल त्याने कशाला पांघरली? बरं दिसावं म्हणून, एवढंच. बायकोने उशीचा अभ्रा झटकला आणि मार्ग काढला. नियम मध्येच बदलला म्हणा. खात्याने बदलला, आपल्याला उशिरा कळलं. ताईंचे सतराच्या हिशेबाने पैसे परत करा, वर थोडे जास्तच द्या. त्यांच्या डोक्यातला किडा जाईल आणि तुमचंही तोंड राहील. कुणाचं काय बिघडलं?

त्याला ते पटलं. इतकं चटकन पटलं की त्याची त्याला थोडी लाज वाटली, पण त्याने मनाची समजूत घातली, की आपल्याला माफी नको आहे, ताई बरी व्हायला हवी आहे. बँकेतून पैसे काढले. शनिवारी सकाळी पाकीट घेऊन तो तिच्याकडे गेला.

ताई कपाटं आवरत होती. जमिनीवर भांड्यांचे दोन ढीग होते, द्यायची आणि न्यायची. न्यायच्या ढिगात एक पातेलं, एक कप आणि एक चमचा. तो एकच चमचा त्याने उचलला आणि पुन्हा होता तिथे ठेवला. तिने त्याला खुर्ची पुसून दिली.

त्याने पाकीट टेबलावर ठेवलं आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, नियम बदलला होता, म्हणून खात्याचा आकडा जास्त यायचा. हे तिचे वर भरलेले पैसे.

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं. "कधी बदलला?"

"मध्ये."

"मध्ये म्हणजे? पहिल्या वर्षापासूनच खात्याने वाढवून पाठवलं होतं."

"हां, म्हणजे पहिल्याच वर्षी."

"मग पुढच्या वर्षी तू पुन्हा वीसच कसं सांगितलंस?"

त्याला वाटलं, आता ती धरणार. दुकानदार अशा वेळी आवाज चढवतात किंवा चहा मागवतात. दोन्ही त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. ताईने तसं काही केलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो एका क्षणाचा तल्लखपणा विझत गेला.

"नाही, तू सांगितलं असशील," ती म्हणाली. "नियम बदललाय म्हणून सांगितलं असशील तू. मीच विसरले. हे बघ, असंच होतं हल्ली. बरं झालं तो कागद करून घेतला."

आणि ती उठून तो कागद आणायला निघाली.

पुढचं तो कसं बोलला ते त्याला नंतर नीट आठवलं नाही. एवढं खरं, की बसून बोलता येईना म्हणून तो उभा राहिला आणि वाटेत ठेवलेलं पातेलं त्याच्या पायाने कलंडलं. मनाचा धडा वगैरे काही झाला नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की ती त्या खोलीकडे चालली आहे आणि परत येईल तेव्हा तिच्या हातात पेन असेल.

"ताई, मी सांगितलं नव्हतं. नियम बदललाच नव्हता. पहिल्यापासून तोच होता, मी बघितला नाही."

ती दारात थांबली.

त्याने सगळं सांगितलं. पेन्शनचं, काठाचं, शंभराबरोबर आत येणाऱ्या पंच्याऐंशीचं. सांगताना तो अडखळत होता, पण आकडे मात्र नीट येत होते आणि त्याचीच त्याला किळस आली. ताई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. ती गुणाकार करत होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"सदतीस," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझा गुणाकार बरोबर होता. तू दिलेला आकडा चूक होता."

"हो."

"दोन्ही वर्षी."

"दोन्ही वर्षी, ताई."

ती येऊन खुर्चीत बसली. आता ती रडेल असं त्याला वाटलं, निदान रागावेल. तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघतात तसं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी 'आणखी, आणखी' म्हणत होतं.

"आणि ठेव माझ्या नावावर कशाला केलीस?"

इथेही एक पळवाट होती. आधार हा शब्द अजून खोलीतच कुठेतरी होता. त्याने तो घेतला नाही.

"माझ्या नावावर पस्तीस गेले असते. पंधरा वाचत होते."

ताईने मान हलवली. मग म्हणाली, की इमारतीतल्या सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं, भावाने माझ्यासाठी करून ठेवलंय म्हणून. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तर दोनदा. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. कुणाकुणाला परत सांगावं लागेल त्याची यादी करत असावी. त्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

त्याने चुका मान्य करायला सुरुवात केली, एकामागून एक, अगदी लहानपणापासूनच्या. तिने हात वर करून थांबवलं. सोमवारी त्याने ती ठेव मोडायची आणि स्वतःच्या नावावर करायची. बँक दंड लावेल तो त्याने भरायचा. यंदाचेही सतरा आहेत, ते वेगळे आणून द्यायचे. मग तिने पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"हे मी नंतर मोजून घेईन," ती म्हणाली.

त्याने दिलेले पैसे ताईने आजवर कधी मोजले नव्हते. तिने टोमणा मारला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

तिने निवासगृहाला फोन केला आणि खोली नको म्हणून सांगितलं. पलीकडून बरीच समजावणी चालली असावी, कारण ती मधून मधून "हो, हो, छान आहे, पण नको," म्हणत होती. फोन ठेवून ती आत गेली आणि बाहेर जायची साडी नेसून आली.

"चल, चपला घाल."

"कुठे?"

"दवाखान्यात. तिथे मी सगळ्यांसमोर सांगून आलेय की माझं डोकं चालत नाही. आता तू येऊन सांग, कुणाचं चालत नव्हतं."

तो म्हणाला, फोन करून सांगू या का? मुख्य बाईंना एकट्यांना गाठून, बाजूला घेऊन? ताई जिन्यात जाऊन उभी राहिली.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. दोन थांब्यांपर्यंत त्याने वाक्यं जुळवली आणि मोडली. त्या दवाखान्यातला तराजू त्यानेच तपासलेला होता, शिक्क्यावर त्याची आद्याक्षरं होती. तिथला शिपाई त्याला सलाम करायचा.

शनिवार असल्यामुळे बाकं भरलेली होती. पोरं खोकत होती, एक बाई डोळ्याला बोळा धरून बसली होती. औषधाच्या खिडकीमागे मुख्य बाई होत्या. त्यांच्या शेजारी एक नवी तरुण मुलगी चिठ्ठ्या वाचत होती, बोट ठेवून, एकेक शब्द. ताईला पाहून मुख्य बाईंनी खिडकी पूर्ण उघडली. त्यांनी गुडघे विचारले, साखर विचारली. डोक्याचं विचारलं नाही. ते न विचारणं इतकं सांभाळून होतं की त्यालाही कळलं.

ताईने त्याला कोपराने पुढे केलं. "सांग."

रांगेतल्या पहिल्या दोघांनी मान वळवली. त्याने सुरुवात केली ती मुदत ठेवीपासून. मग टप्पा, मग मर्यादा. मुख्य बाई सभ्यपणे ऐकत होत्या, पण त्यांच्या हातातली चिठ्ठी तशीच होती आणि मागून कुणीतरी घसा खाकरला.

"आकडे नकोत," ताई म्हणाली. "चूक कुणाची ते सांग."

"माझी," तो म्हणाला. आवाज बसला म्हणून पुन्हा म्हणावं लागलं आणि या वेळी तो गरजेपेक्षा मोठा आला. "चूक माझी होती. मी त्यांना चुकीचा हिशेब सांगितला होता, माझ्या फायद्यासाठी. त्यांचा बरोबर होता. त्यांना वाटलं, आपलं डोकं बिघडलं."

मुख्य बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खोटा तराजू बघताना तो स्वतः दुकानदाराकडे ज्या नजरेने बघायचा, तीच ही नजर होती. रागाची नव्हती, नोंद घेणारी. मग त्या ताईकडे वळल्या. जागा तर भरली होती, त्यांनी स्पष्टच सांगितलं, या मुलीला नेमून घेतलं होतं आणि तिला आता काढता येणार नव्हतं. पण तिने काढलेली औषधं रुग्णाच्या हातात जाण्याआधी पुन्हा बघायला कुणी नव्हतं. ते काम कंटाळवाणं होतं. दिवसभर दुसऱ्याने बरोबर केलंय की नाही तेवढंच बघायचं.

"चालेल," ताई म्हणाली. "मला कुणी तपासलं असतं तर बरं झालं असतं."

शिपायाने बाजूचं दार उघडलं. ताई आत गेली, हात धुतले, खुंटीवरचा एक कुणाचातरी कोट चढवला. तो तिला खांद्यात मोठा होत होता. नव्या मुलीने तिच्यापुढे पहिली पुडी ठेवली. ताईने चिठ्ठी वाचली, गोळ्या पालथ्या केल्या, पुन्हा चिठ्ठी वाचली. नंतर तिने तीच पुडी आणखी एकदा उघडली आणि पुन्हा मोजली. पूर्वी ती असं करत नसे. एकदा बघितलं की तिला पुरायचं.

खिडकीशी उभा राहून तो ते बघत होता. ताईने मान वर केली नाही. मागून एका माणसाने त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, तुम्ही रांगेत आहात का?

"नाही," तो म्हणाला आणि बाजूला झाला. भिंतीशी बाक होतं, पण त्यावर जागा नव्हती. दार उघडंच होतं. तरी तो बराच वेळ तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत उभा राहिला.